हेडलाईटमध्ये पाणी: रबर बदलावं, काच उघडून सील करावी की नवा लाईट बसवावा?

सोलापुरात गाडीच्या हेडलाईटमध्ये ओल दिसते ती मुख्यतः दोन वेळा. एकदा सप्टेंबरात परतीचा पाऊस झोडपून काढतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा थंडीत पहाटे दव पडतं तेव्हा. थंडीत ऊस गाळपाचा हंगामही जोरात असतो. मंगळवेढ्याच्या किंवा मोहोळच्या रस्त्याला रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली पुढ्यात येते, आणि आपल्या एका लाईटचा उजेड आतल्या वाफेतच अडकलेला असतो. त्यामुळे ओल दिसली की ती अंगावर काढू नका.

खर्चाचं ठरवण्याआधी एक गोष्ट बघा: आत वाफ आहे की पाणी? काचेच्या कोपऱ्यात पातळ धुकं आलंय आणि लाईट लावून गाडी अर्धा-पाऊण तास चालवली की ते निघून जातंय, तर लाईट ठीक आहे. हेडलाईट हवाबंद नसतोच. बल्ब तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, बंद केला की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी मागे छोट्या रबरी नळ्या किंवा जाळीचे व्हेंट दिलेले असतात. तापलेल्या लाईटवर वॉशिंग सेंटरमध्ये गार पाण्याचा फवारा बसला की धुकं येणारच. एलईडी लाईटमध्ये ते जास्त वेळ टिकतं, कारण हॅलोजनसारखी उष्णता काचेकडे जात नाही. पण थेंब ओघळतायत, तळाला पाणी साचलंय किंवा एकाच बाजूच्या लाईटमध्ये दिवसेंदिवस ओल राहतेय, तर पाण्याला वाट सापडली आहे असं समजा.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी थेंबांचे फोटो काढून शोरूम गाठा. नुसत्या धुक्याला ते ‘नॉर्मल’ म्हणतील आणि त्यात चूक काही नाही. साचलेल्या पाण्याचं मात्र उत्तर मागा, आणि तोवर बाहेर कुणाला लाईट उघडू देऊ नका.

वॉरंटी संपली असेल तर खरे पर्याय तीन.

पहिला, काही शे रुपयांत होणारा: मागचं झाकण, रबर आणि व्हेंट दुरुस्त करून लाईट वाळवणं. मी कुणालाही आधी हेच सांगतो, कारण आपल्याकडचं ऊन आणि धूळ दोन्ही नेमकी इथेच घाव घालतात. बोनेट उघडा, लाईट थंड असताना मागे हात घाला. झाकणाचं रबर बोटाने दाबल्यावर परत फुगायला हवं. चाळीस अंशांच्या पुढचे उन्हाळे काढलेलं रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. मग व्हेंटची नळी काढून टोक बघा. कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत तिथे चिखल वाळून मातीचं बूच बसलेलं सापडतं. व्हेंट बुजला की थंड होणारा लाईट हवा ओढतो ती कुठल्या तरी कमजोर सांध्यातून, आणि पाऊस असेल तर हवेबरोबर पाणीही घेतो. म्हणजे बूच काढलं नाही तर लाईट कितीही वाळवा, ओल परत येणार.

माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीत हॅलोजनच्या जागी पंख्याचा एलईडी बल्ब बसवला होता. मागचा भाग लांब असल्याने झाकण बसेना, म्हणून बसवणाऱ्याने ते उघडंच सोडलं होतं. अशा गाडीला मूळ मापाचा बल्ब आणि झाकण हाच इलाज.

वाळवताना झाकण काढून गाडी उन्हात ठेवा, किंवा हेअर ड्रायर कमी गरम करून लांबून फिरवा. आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला फडकं लावू नका. तो मुलामा इतका नाजूक असतो की पुसला की गेला. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायचा सल्ला बरेच जण देतात. पुडी ओल शोषून भरली की तिचं काम संपतं, आणि गरम बल्बला टेकली तर नवीनच दुखणं. वाळवायला वापरा, पण आत ठेवून झाकण लावू नका.

दुसरा पर्याय, काच उघडून नव्याने सील करणं. काच म्हणतात, पण ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. झाकण-व्हेंट चांगले असूनही पाणी येतंय आणि काचेला तडा नाही, तेव्हाच याचा विचार करा. गळती कुठे आहे ते काढलेल्या लाईटच्या कडेला साबणाचा फेस लावून, व्हेंटमधून अगदी हलकी हवा देऊन कळतं. बुडबुडे येतात तो सांधा फुटलेला. कारागीर उष्णता देऊन जुना ब्युटाइल (काच चिकटवणारा रबरासारखा चिकट सील) मऊ करतो, काच सोडवतो, खाच साफ करतो आणि नवीन ब्युटाइल भरतो. काम चांगलं झालं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि नव्या लाईटच्या तुलनेत स्वस्त पडतं. पण उष्णता जास्त झाली तर काच वाकते, आणि काही गाड्यांत काच अशा पक्क्या गोंदाने चिकटवलेली असते की गरम करूनही सुटत नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलचा लाईट आधी उघडलाय का, ते कारागिराला विचारा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तो वापरणार असेल तर नको म्हणा. त्याच्या वाफेने रिफ्लेक्टर धुरकट होऊ शकतो. न उघडता बाहेरून सिलिकॉन फासणं तर आणखी वाईट, आतलं पाणी आतच कोंडतं. आणि ‘खाली एक भोक पाडतो, पाणी निघून जाईल’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत न्या. त्या भोकातून आपली धूळ आत जाईल.

तिसरा, नवा लाईट. काचेला तडा गेलाय, लाईट गाडीला अडकवायचे मागचे प्लास्टिकचे कान तुटलेत किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडालाय, तर सीलवर घातलेले पैसे वाया जातात. साध्या हॅलोजन हॅचबॅकला हा खर्च काही हजारांत बसतो, मोठ्या गाडीच्या एलईडीला त्याच्या कितीतरी पट. डुप्लिकेट स्वस्त मिळतो, पण त्याच्या कडेचं सील आणि व्हेंट हातात घेऊन तपासा. ओलीच्याच कारणाने बदलायचा आणि पुन्हा कच्च्या सीलचा आणायचा, यात अर्थ नाही. भंगारातला कंपनीचा लाईट कान शाबूत आणि आतून कोरडा असेल, तर मला डुप्लिकेटपेक्षा बरा वाटतो.

विमा ओलीसाठी मिळत नाही. अपघातात फुटला असेल तर मिळतो, पण झीरो डेप (घसारा न कापणारं जादा विमा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागाला 50 टक्के घसारा कापतात आणि नो क्लेम बोनसही जातो. साध्या लाईटसाठी क्लेम न केलेलाच परवडतो.

सील केलेला असो वा नवा, बऱ्याच गाड्यांत लाईट काढायला बंपर सोडवावा लागतो आणि परत बसवताना फोकस हलतो. गाडी ताब्यात घेण्याआधी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून दोन्ही लाईटची उंची जुळवून घ्या.