युद्धकाळातील अपप्रचारावरची पणजीतील कार्यशाळा: एक अभिप्राय

गेल्या रविवारी पणजीत अपप्रचार या विषयावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा झाली, तिला ५०० रुपये भरून म्हापशाहून गेलो होतो. व्हॉट्सॲपवरचे खोटे संदेश ओळखण्याच्या चार युक्त्या सांगतील आणि चहा पाजून घरी पाठवतील, अशी माझी अटकळ होती. परंतु मार्गदर्शक पहिले दोन तास महायुद्धांतच रमले आणि पैसे वसूल झाले ते तेवढ्यातच.

आरंभी प्रत्येकाच्या हाती एक कार्ड आले, त्यावर 'काडाव्हर' हा एकच जर्मन शब्द. इंग्रजीच्या सवयीने आम्ही बहुतेकांनी त्याचा अर्थ 'माणसाचे प्रेत' असा लिहिला. जर्मन भाषेत मात्र तो शब्द मुख्यत्वे जनावराच्या मढ्यासाठी वापरतात. मेलेल्या जनावरांपासून चरबी काढणाऱ्या कारखान्याच्या जर्मन बातमीचा एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी आमच्यासारखाच अर्थ लावला आणि जर्मन लोक स्वतःच्याच सैनिकांची प्रेते उकळतात, ही कंडी जगभर पसरली. १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत जर्मनीचा इन्कार मान्य केला खरा. पण पुढे ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ती जुनी थाप आठवून अनेकांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या महायुद्धात सेफ्टन डेल्मर यांनी ब्रिटनमधून जर्मन सैनिकांसाठी चालवलेल्या बनावट नभोवाणी केंद्रांचा भागही रंगला. नृत्यसंगीत आणि खऱ्या बातम्या यांच्या गर्दीत मोजकेच असत्य पेरण्याची त्यांची रीत कळावी म्हणून मार्गदर्शकांनी स्वतः रचलेले दहा बातम्यांचे वार्तापत्र वाचून दाखवले. त्यातील दोन खोट्या होत्या. मला एकच सापडली, आणि मी निवृत्त मुद्रितशोधक आहे!

समाजमाध्यमांचा भाग मात्र वीस मिनिटांत उरकला. तेव्हा खोटे पेरायला सरकारी खाते लागे, आज लोकच ते फुकट वाहून नेतात आणि जाहिरातींचा पैसा तिसऱ्याच्या खिशात जातो, हा फरक उलगडायला हवा होता. त्याहून खटकले ते गोव्याचे विस्मरण. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात एरेनफेल्स या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी घडवलेला छुपा हल्ला कित्येक वर्षे गुलदस्त्यात राहिला. पोर्तुगीज प्रचाराला उत्तर देण्यासाठी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ पासून जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली. पणजीत बसून यांपैकी एकाचाही उल्लेख होऊ नये?

शेवटी दिलेल्या टिपणात एकही सन नव्हता. भाचीला देण्यापूर्वी परतीच्या बसमध्ये मी पेन्सिलीने सगळे सन भरले.