एक्सपल्स २०० फोर व्ही प्रो: शॉकअप नीट बसवला तरच उडीचे पैसे वसूल

हीरोने २०२३ साली एक्सपल्स २०० फोर व्ही या मोटारसायकलची प्रो आवृत्ती आणली. इंजिन साध्या गाडीचंच, १९९.६ सीसीचं. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः शॉकअपला. पुढे २५० मिमी ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला मिळणारी जागा), मागे २२०; साध्या गाडीत हेच आकडे १९० आणि १७० आहेत. शिवाय प्रोमध्ये प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब), कॉम्प्रेशन (शॉकअप दबताना होणारा अडथळा) आणि रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा अडथळा), तिन्ही आपल्याला बदलता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बांधावरून किंवा मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडवायची असेल, तर या किमतीच्या आसपास इतका मोकळा ट्रॅव्हल मिळणं मोठीच गोष्ट आहे. पण शोरूममधून आली तशीच गाडी उडवली तर यातलं निम्मंही हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रीलोडच्या गैरसमजातून. उडी मारल्यावर गाडी खाली आपटली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मेस्त्री, मागची स्प्रिंग टाइट करा.’ प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचं बूड फक्त वर उचललं जातं. मग चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही, हवेत शॉकअप पूर्ण उघडताना टक असा आवाज येतो आणि जमिनीवर टेकताना मागचं चाक बाजूला उडतं. आपटणं तरीही थांबत नाही.

म्हणून सुरुवात सॅगपासून करायची. सॅग म्हणजे वजनाखाली गाडी किती बसते ते माप. याला तीन माणसं आणि एक मेजरिंग टेप लागते. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा, चाकाच्या एक्सलच्या बरोबर वर शेपटीकडच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. समजा ते ६१२ मिमी आलं. मग गाडी जमिनीवर उभी करून मोजा: ५९२. शेवटी चालवणाऱ्याने हेल्मेट, बूट, जॅकेट घालून नेहमीच्या जागी बसावं, एकाने समोरून हँडल धरावं, दुसऱ्याने मोजावं: ५४६. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने २० मिमी बसली आणि माणसासकट ६६ मिमी. मागच्या २२० मिमीचा हा जवळपास तीस टक्के भाग झाला, इथे माप बरोबर आहे. पुढच्या बाजूला २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६० ते ६५ मिमी, धरून चालावं. शॉकअपमधले तेलाचे सील घासत असल्याने प्रत्येक माप दोनदा घ्या: एकदा गाडी हलकेच दाबून सोडल्यावर, एकदा हलकेच उचलून सोडल्यावर. सरासरी खरी.

आता गंमत इथे आहे. माणसासकटचं माप ६६ वर आणलं, पण रिकाम्या गाडीचं माप १० च्या आत गेलं, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडते आहे आणि तुम्ही ती प्रीलोडने उगाच ताणून धरली आहे. रिकाम्या गाडीचं माप ३५ च्या वर राहिलं तर उलट, स्प्रिंग तुम्हाला जास्त कडक आहे. अशा वेळी कितीही पाने फिरवले तरी उपयोग नाही, स्प्रिंगच बदलावी लागते.

मागचा प्रीलोडचा नट फिरवण्याआधी आटे ब्रशने आणि रॉकेलने साफ करा. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती आट्यांत बसली की नट अर्ध्या फेऱ्यात अडकतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. किती फेरे दिले यापेक्षा स्प्रिंगची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवणं भरवशाचं. छिन्नी-हातोडा नको, हूक पाना नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाड पट्टीतून कापून मिळेल.

सॅग बसला की मग क्लिकर, म्हणजे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड बदलणारे, टकटक करत फिरणारे स्क्रू. स्क्रू उजवीकडे फिरवला (बंद केला) की शॉकअपच्या हालचालीला होणारा अडथळा वाढतो. आधी हलक्या हाताने शेवटपर्यंत बंद करत क्लिक मोजा, आकडा लिहा, तितकेच मागे या. शेवटी जोर लावला तर आतली सुई बसकणीत रुतते आणि मग क्लिक मोजण्याला अर्थ राहत नाही. एका वेळी एकच स्क्रू, फार तर दोन क्लिक. आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल गरम झाल्यावरच, कारण थंड तेलावर ठरवलेलं माप गरम झाल्यावर ढिलं वाटतं.

उडीसाठी सगळ्यात निर्णायक स्क्रू मागच्या रिबाउंडचा. चढावर स्प्रिंग दबते, टोकावर सुटते. ती फार वेगाने सुटली तर मागचं चाक लाथ मारल्यासारखं वर येतं आणि गाडी हवेत तोंडावर झुकते. फूटभर उंचीच्या मातीच्या ढिगावरून, दुसऱ्या गिअरमध्ये, उभं राहून, रेस एकसारखी ठेवून पाहा. तोंड खाली जातं तर रिबाउंड दोन क्लिक बंद करा, पुन्हा उडी. पण इथे हात आवरायला हवा. रिबाउंड जास्त बंद झाला की दुसरंच दुखणं सुरू होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरने पाडलेल्या लागोपाठच्या चरांवर गाडी घ्या: पहिल्या चरातून शॉकअप पूर्ण वर यायच्या आत दुसरा चर येतो, तिसऱ्यापर्यंत ट्रॅव्हल संपलेला असतो आणि मागची बाजू लाकडासारखी कडक लागते. बहुतेक जण याला ‘कॉम्प्रेशन कडक’ समजून कॉम्प्रेशन सैल करतात आणि गाडी आणखी खाली बसते. खरा दोषी रिबाउंड. दोन क्लिक उघडला की चरांवर चाक पुन्हा जमिनीला धरून चालतं.

पुढच्या बाजूला साधी खूण पुरते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत नळीवर, धुळीच्या सीलला टेकवून एक केबल टाय सैलसर बांधा. नेहमीची सगळ्यात मोठी उडी मारा, मग पुढचं चाक उचलून सीलपासून टायपर्यंत मोजा. २३५ ते २४० मिमी आलं तर उत्तम, शेवटचे १०-१५ मिमी अडचणीसाठी राखीव राहिले. २०० च्या आत असेल तर कॉम्प्रेशन उगाच कडक ठेवलं आहे. दरवेळी थेट तळाला जात असेल तर आधी कॉम्प्रेशन दोन क्लिक बंद. लहान खड्डे हाताला टोचायला लागले आणि तरीही तळ गाठतोय, तर फोर्कमधल्या तेलाची पातळी ५ मिमी वाढवून घ्या. वरची हवेची जागा कमी होते आणि फक्त शेवटचा टप्पा कडक होतो. जाड तेल घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे; त्याने रिबाउंडही मंदावतो आणि सगळं गणित बिघडतं.

टायरची हवा २० ते २२ पीएसआय. त्याखाली जांभ्या दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून फुटते.

निपाणीकडची काळी माती फोर्कवर वाळली की सिमेंटसारखी चिकटते आणि सीलची कड फाडते. गाडी काढण्याआधी नळ्या ओल्या फडक्याने पुसायच्या. वॉशिंगवाल्याला पाण्याचा फवारा सीलवर थेट मारू देऊ नका. सील ओलसर दिसायला लागला तर लगेच नवा टाकण्याआधी पातळ प्लास्टिकची पट्टी कडेखालून फिरवून पाहा. बऱ्याचदा आत अडकलेला कणच तेल गळवतो. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य या सरावाची जागा नव्हे, आपल्या शेताचा कोपरा बरा.

सीटची उंची ८९१ मिमी, त्यामुळे पाय टेकावेत म्हणून प्रीलोड सैल करण्याचा मोह होतो. तसं केलं की उडीसाठी घेतलेला ट्रॅव्हल उभ्या जागीच खर्च होतो. त्यापेक्षा सीटचा फोम कमी करून घ्यावा.

प्रीलोड हलवला की चेनही तपासा. इतक्या लांब ट्रॅव्हलमध्ये शॉकअप दबताना चेन ताणली जाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येईपर्यंत दोघांनी गाडी दाबून धरावी. त्या जागी चेनला थोडा ढिलेपणा उरलाच पाहिजे. नसेल तर पहिल्याच मोठ्या उडीत गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर धक्का बसतो.