‘वय १६च्या पुढे, राहणं-जेवण फुकट’ : उन्हाळी कामाच्या जाहिरातीत आमचे साडेवीस हजार गेले

बारावीचे पेपर संपले की आमच्याकडे गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरायला लागते. ‘दहावी-बारावी पास-नापास मुले पाहिजेत. नागपूरला पॅकिंगचे काम. पगार १४,०००. राहणे-जेवण कंपनीकडून. वय १६च्या पुढे.’ खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. मागच्या उन्हाळ्यात याच जाहिरातीवरून माझा मोठा मुलगा गेला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

मुलं असल्या जाहिरातीला का भुलतात ते आधी सांगते, कारण ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, झटपट पैसा पाहिजे’ हे मी फार ऐकलं आणि ते खोटं आहे. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन गेलेली, तूर त्याच्याही आधी घरात आलेली. ज्यांच्याकडे ओलीत आहे त्यांचा गहू-हरभरा हार्वेस्टर येतो आणि दिवसभरात काढून मोकळा होतो. मग मृग लागेपर्यंत वावरात काम काय, तर पऱ्हाट्या उपटणं आणि धसकटं वेचणं. ते आम्ही बायका पहाटे निघून ऊन तापायच्या आत उरकतो. गडचिरोली-गोंदियाकडे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला सारं घर निघतं, आमच्या गावाला तेवढं जंगल नाही. रोजगार हमीच्या कामाला अठरा पूर्ण लागतात. एमआयडीसीतला ठेकेदार आधार कार्डावरची जन्मतारीख पाहतो आणि परत पाठवतो.

सोळा-सतराच्या मुलाला कामावर ठेवणं मुळात बेकायदा आहे असंच मला वाटायचं. तसं नाही. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या लेकराला कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठराच्या मुलाला खाणी, स्फोटकं आणि धोक्याची कामं सोडून ठेवता येतं. पण दुकानात त्याला तासांची बंधनं आहेत. मधली सुट्टी धरून दिवसाचे सहा तास, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ अजिबात काम नाही. आता आमच्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा पंचेचाळीसवर, दुपारी बाजारपेठ ओस. गिऱ्हाईक निघतं ते दिवस मावळल्यावर. रसवंती, आइसक्रीमची गाडी, लग्नातलं वाढप, सगळा धंदा रात्रीचा. म्हणजे ज्या वेळी काम आहे त्या वेळी मुलाला ठेवायची परवानगी नाही, आणि परवानगी आहे त्या वेळी रस्त्यावर कुत्रं नाही. सरळ दुकानदार म्हणतो, कशाला झंझट, अठराचा झाला की ये बाबू.

अशी चार ठिकाणांहून परत आलेली मुलं ‘वय १६च्या पुढे’ वाचतात आणि त्यांना वाटतं, कोणीतरी आपल्याला घेतंय. माझ्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशापुरते पैसे स्वतः उभे करायचे होते. बापावर आणखी भार नको म्हणून तो गेला.

नंबरवर फोन लावला तर एक मॅडम बोलली, एकदम गोड. फॉर्मचे ५००, मग ड्रेस आणि ओळखपत्राचे २,०००. ‘पहिल्या पगारात परत मिळतात’ म्हणाली. नागपूरच्या बसस्टँडवर टाय लावलेलं एक पोरगं घ्यायला आलं, विशीचंही नसेल. त्यानं नेलं एका वस्तीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर. खोलीत ओळीनं गाद्या, वाशीम, बुलडाणा, चंद्रपूर, सगळीकडची पोरं, एक कूलर आणि त्यात पाणी नाही. पॅकिंगचा पत्ता नाही. दहावीची मूळ गुणपत्रिका ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून जमा करून घेतली. मग सकाळपासून हॉलमध्ये भाषणं. जो टाळ्या वाजवणार नाही त्याला उभं करायचे. शेवटी खरं काय ते बाहेर आलं. १८,००० भरून एक किट घ्यायचं, त्यात सूटपीस, तेलाची बाटली आणि पावडरचे डबे. मग आपल्याखाली दोन जण जोडायचे. पगार म्हणजे त्या दोघांनी भरलेल्या पैशातला वाटा.

घरी काय बोलायचं तेही लिहून दिलेलं होतं. वहीचं ते पान मुलानं खिशात घालून आणलं, माझ्याकडे अजून आहे. ‘आवाज आनंदी ठेवा. आधी जेवण चांगले आहे असे सांगा. कामाचे विचारले तर ट्रेनिंग म्हणा. पैसे लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणा. फोन आईला करा, वडिलांना नको.’ ती शेवटची ओळ वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोणत्या घरात कोण पैशाची सोय करतं, कोणाचं मन लेकरासाठी आधी पाघळतं, हे सगळं त्यांनी बसून ठरवलेलं होतं.

फोन मलाच आला. ‘आई, डिपॉझिट भरलं की उद्यापासून कामावर घेते म्हन्ते. बाकीच्यायनं भरले.’ मी बचत गटातून उचल घेतली आणि सेतूवाल्याकडून पैसे पाठवले. पैसे पोचले आणि सूर बदलला. वर्गातल्या मित्रांची यादी काढ, रोज फोन लाव, त्यांना बोलाव. माझा मुलगा तिथं अडला. मित्रांना त्यानं फोन केलाच नाही. संडासात जाऊन मला केला, दबक्या आवाजात. ‘इथं कामगिम काही नाही. हे पोट्ट्यायले फसवते. काकाले पाठव.’

दीर आणि मी दोघं गेलो. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणून आम्हाला खाली बसवून ठेवलं. भाऊजींनी पोलिसांच्या ११२ला फोन लावतो म्हटल्यावर मुलाला सोडलं. पैसे नाहीत, गुणपत्रिका नाही.

तक्रारीचं मुद्दाम नीट सांगते. आमच्या ठाण्यात उत्तर मिळालं, घटना नागपूरची आहे, तिकडे द्या. तालुक्याच्या एका वकिलांनी सांगितलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा नोंद झाली. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर ठाण्यात जायच्याही आधी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. तिथं लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातच पैसे अडवता येतात. आमच्या वेळी हा नंबर कळेपर्यंत त्या खात्यात काही उरलं नव्हतं. मूल अठराच्या आतलं असेल आणि कुठं अडकलं असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. आणि माणसं जोडून त्यांच्या पैशातून पैसे वाटायच्या साखळीवर १९७८च्या कायद्यानं बंदी आहे. २०२१च्या थेट विक्रीच्या नियमांत तर नुसतं सामील होण्यासाठी फी घ्यायलाही मनाई आहे. ‘आमची कंपनी रजिस्टर आहे’ असं ते छातीठोक सांगतात. नोंदणी असली म्हणून असं करायची सूट मिळत नाही.

त्या खोलीतल्या एका पोराकडून तर पैसे मागितलेच नाहीत. त्याच्या नावानं नवं सिम आणि बँक खातं काढायला लावलं, एटीएम कार्ड ठेवून घेतलं, वर महिन्याला भाडं देतो म्हणाले. हे आमच्यापेक्षा वाईट. लोकांना लुबाडलेला पैसा असल्या खात्यांतून फिरवतात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. मुलाला सांगून ठेवा, पासबुक, एटीएम, सिम आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणत्याही कामासाठी कोणाच्या हाती द्यायचा नाही.

काम देणारा खरा असेल तर तो पगार देतो, मागत नाही. फॉर्मचे ५०० मागितले की तिथंच थांबा, पुढचे १८,००० त्याच्याच मागून येतात. जागेचा पूर्ण पत्ता घ्या आणि घरातलं मोठं माणूस आधी जाऊन पाहून येऊ द्या. जायला नको म्हणाले तर मुलालाही पाठवू नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद कधीच नाही.

कोणाची गुणपत्रिका अशी अडकली असेल तर प्रवेश बुडाला असं समजू नका. डिजिलॉकर या सरकारी ॲपवर पाहा. दुय्यम प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करता येतो. यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाण्याच्या मुलांचं मंडळ अमरावतीला आहे, बाकी विदर्भाचं नागपूरला. गुणपत्रिका परत देतो म्हणून आम्हाला त्याच लोकांचा फोन आला होता, ५,००० मागत होते. आम्ही दिले नाहीत, दुय्यम प्रत काढली.