दोन ग्राफिक्स कार्डं गेली, तिसरं टिकलंय: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवीन कार्ड घरी आल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा फारसा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात सगळीच कार्डं गुणी असतात. माझ्या गेमिंग मशीनमधलं सध्याचं कार्ड तिसरं आहे. उन्हाळा, पावसाळा काढून ते अजून धड आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पण खरं सांगण्यासारखं आहे ते आधीच्या दोन कार्डांबद्दल. दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे गेली, आणि मधल्या काळात जे बिघडलं होतं ते कार्ड नव्हतंच.

पहिल्या कार्डाचं निदान सोपं निघालं. सुरुवातीला गेममध्ये भिंतींचे टेक्श्चर मध्येच चमकायचे, मग स्क्रीनभर रंगीत चौकटी यायला लागल्या. अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय ड्रायव्हरवर आणि दुसरा केबलवर. केबल आणि मॉनिटर निर्दोष आहेत की नाही, हे स्क्रीनशॉट काढून कळतं. तो फोनवर पाठवायचा आणि तिथे बघायचा. चौकटी स्क्रीनशॉटमध्येही दिसल्या तर चित्र केबलपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेलं आहे. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये त्या होत्या.

ड्रायव्हरसाठी डीडीयू हे ड्रायव्हर पुसून काढणारं टूल वापरलं: इंटरनेट काढून, सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून उपटायचा. इंटरनेट काढायचं कारण असं की नाहीतर विंडोज मागच्या दाराने स्वतःच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. गंमत म्हणजे ड्रायव्हर नसताना मशीन व्यवस्थित चालत होतं. ताजा ड्रायव्हर टाकला की काळी स्क्रीन, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे अडचण आल्यामुळे विंडोजने कार्ड थांबवलं. यावरून "म्हणजे ड्रायव्हरच खराब" असा निष्कर्ष बरेच जण काढतात. तो उलटा आहे. विंडोजचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर कार्डाच्या मेमरीचा लहानसा तुकडा वापरतो आणि थ्रीडीच्या वाटेला जात नाही. खरा ड्रायव्हर आला की तो सगळी मेमरी आणि सगळी चिप कामाला लावतो, आणि दुखणं बाहेर येतं.

शेवटचा शिक्का बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जने, मारला. बायोसच्या निळ्या पडद्यावर प्रत्येक ओळीत ठरावीक अंतरावर गुलाबी टिंबं होती, अगदी तारखेच्या आकड्यांमधूनही. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, गेम नाही. तिथे टिंबं दिसली की विंडोज पुन्हा टाकण्यात रात्र घालवू नये. मेमटेस्ट व्हल्कन नावाचं छोटं मोफत टूल आहे, ते कार्डाची मेमरी भरून पुन्हा वाचून बघतं. त्यानेही सुरू होताच चुकांची रांग लावली.

याच टप्प्यावर कुणीतरी हमखास सांगतं की कार्ड ओव्हनमध्ये भाजा. करू नका. शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. घरच्या ओव्हनमध्ये तिथपर्यंत पोचलात तर प्लास्टिकचे कनेक्टर आणि कपॅसिटर आधी जातात, नाही पोचलात तर सोल्डर वितळतच नाही. कार्डावरच्या जीडीडीआर६ प्रकारच्या एका मेमरी चिपखाली १८० सोल्डरचे गोळे असतात. ते काम हॉट एअर स्टेशन आणि सरावलेल्या हाताचं आहे. भाजलेलं कार्ड चार दिवस चाललं तरी वॉरंटी मात्र कायमची गेली.

वॉरंटीत पाठवलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण "ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा" हे एकच उत्तर फिरून फिरून येत राहिलं. बायोसच्या पडद्याचा व्हिडिओ पाठवल्यावर ते थांबलं. तेव्हा असा व्हिडिओ पहिल्याच मेलसोबत जोडा, सीरियल नंबरचा स्टिकर स्पष्ट दिसेल असा फोटोही जोडा, आणि कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालूनच पॅक करा.

बदली म्हणून रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त केलेलं जुनं, कार्ड आलं. चित्र स्वच्छ, टिंबं नाहीत. पण जड गेम सुरू केला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी, कार्डाचे फॅन पूर्ण वेगाने घोंघावणार, हेडफोनमध्ये आवाज अजून काही क्षण चालू, आणि मग रीस्टार्ट. "पुन्हा खराब कार्ड गळ्यात मारलं" असंच कुणालाही वाटेल.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडलं. तिथे दोन नोंदींमधला फरक कळायला हवा. ४१०१ म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला. विंडोज त्यासाठी मुळात २ सेकंदच वाट बघतं. कर्नल पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होताच बंद पडलं, एवढंच. ती नोंद कारण सांगत नाही, नुसती पंचनाम्याची वेळ सांगते. माझ्याकडे ४१ची रांग होती, ४१०१ जवळजवळ नाही.

मग सगळे सांगतात ती अदलाबदल. माझं कार्ड मित्राच्या मशीनमध्ये घातलं, त्याचं माझ्यात. दोन्हीकडे तासन्‌तास गेम चालला, एकही क्रॅश नाही. कार्डही निर्दोष, मशीनही निर्दोष! इथे बरेच जण हात टेकतात किंवा मदरबोर्ड बदलायला काढतात.

खोच अशी की मित्राचं कार्ड मध्यम दर्जाचं होतं, एका ८ पिनवर, म्हणजे विजेच्या एकाच कनेक्टरवर, चालणारं. हिशोब साधा आहे: पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट, एका ८ पिनमधून १५० वॉट. त्याच्या कार्डाची कमाल मर्यादा २२५ वॉट, माझ्या दोन ८ पिनवाल्याची ३७५. म्हणजे माझ्या एसएमपीएसला, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, आम्ही परीक्षेला बसवलंच नव्हतं. अदलाबदल हीच सर्वांत खात्रीची चाचणी, हे मान्य. पण बदली कार्ड तितकीच वीज खेचणारं नसेल तर ती चाचणी चक्क खोटं बोलते. या सगळ्या रामायणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

तेवढ्याच ताकदीचं दुसरं कार्ड हाताशी नसेल तर आपल्याच कार्डाचा लोड बदलता येतो. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या टूलमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे वीज खेचायची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणलं. क्रॅश बंद. १०० वर नेलं, तोच गेम, तोच सीन, पुन्हा काळोख. त्या आधी एका केबलला दोन तोंडं असलेली जी वायर लावली होती ती काढून दोन स्वतंत्र केबल लावल्या होत्या. फरक पडला, पण दुखणं गेलं नाही.

"पण एचडब्ल्यूइन्फोमध्ये १२ व्होल्ट बरोबर दिसतंय की!" हे मीही सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या त्या टूलमध्ये वाचत होतो. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टची रेल, म्हणजे पुरवठ्याची लाइन, ११.४ ते १२.६ मध्ये असली की ठीक, आणि माझी होती. पण सॉफ्टवेअर साधारण दोन सेकंदांतून एकदा आकडा वाचतं, आणि कार्डाची वीज मागणी मिलिसेकंदाहून कमी वेळात एकदम उसळी मारते. सरासरी ३०० वॉटचं कार्ड क्षणभर त्याच्या कितीतरी वर जातं. जुना एसएमपीएस त्या उसळीत क्षणभर ढेपाळतो, किंवा तिला शॉर्ट समजून स्वतःला बंद करून घेतो. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच अट आली की एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती क्षमतेच्या २०० टक्के उसळी सोसली पाहिजे. बॉक्सवरच्या वॉटच्या आकड्याइतकंच मानकाकडेही बघा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

एसएमपीएस बदलला. इथे एक इशारा, ठळक अक्षरांत वाचा: मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल जागच्या जागी ठेवून नुसता डबा बदलू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी सगळ्या कंपन्यांत सारखी नसते. केबल बसते गुमान, आणि १२ व्होल्ट भलत्याच जागी जाऊन एसएसडी, मदरबोर्ड, काय वाट्टेल ते जळू शकतं. केबल डब्यासोबत आलेल्याच वापरा.

त्यानंतर क्रॅश थांबले. आणि मग एके दिवशी बटण दाबलं तर सगळे फॅन अर्धा फेरा फिरून थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कार्ड बाहेर काढलं, मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावला, मशीन सुतासारखं सुरू. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही त्यांना ही सोय नाही. प्रोसेसर घेताना ही गोष्ट क्षुल्लक वाटते, अशा दिवशी वाटत नाही.

मल्टिमीटर लावला. कार्ड टेबलावर, कशालाही न जोडलेलं, स्क्रू न उघडता. ८ पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये रोध जवळजवळ शून्य, बझर एकसारखा वाजतोय. म्हणजे पॉवर सेक्शनमध्ये कुठेतरी शॉर्ट, बहुधा एखादा मॉसफेट, म्हणजे वीज नियंत्रित करणारा ट्रान्झिस्टर. या वेळी मरण खरंच कार्डाचं होतं. अशा कार्डाला "एकदा अजून बघू" म्हणून वीज देत बसू नये. एसएमपीएसने वेळेवर बंद होऊन वाचवलंय, दर वेळी वाचवेलच असं नाही. बोर्डाचे ट्रॅक जळले की दुरुस्ती करणाराही हात वर करतो.

कंपनीकडे तो मॉडेल शिल्लक नव्हता, म्हणून पुढच्या पिढीतलं कार्ड आलं. तेच हे तिसरं.

बसवण्याबद्दल थोडंसं. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची कडी दाबावी लागते, आणि ती बरोबर प्रोसेसरच्या भल्यामोठ्या कूलरखाली असते. प्लास्टिकची पट्टी आत सरकवून ती दाबली, बोट किंवा स्क्रूड्रायव्हर नाही. स्क्रूड्रायव्हर घसरला की थेट मदरबोर्डवर ओरखडा. नव्या कार्डाला १६ पिनचा कनेक्टर आहे. तो "क्लिक" झाल्यावरही टॉर्च मारून बघितला. कडेला फट दिसली तर तो बसलेला नाही असं समजा. तोंडापासून निदान साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवली. कार्ड जड आहे, म्हणून खाली टेकू दिला. लोंबकळणाऱ्या कार्डाच्या बोर्डाला स्लॉटजवळच्या कोपऱ्यात तडा जातो, आणि तडा गेलेलं कार्ड वॉरंटीत घेत नाहीत.

आता वापराचं. पूर्ण लोडवर जीपीयूचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान ६८ ते ७० च्या आसपास, हॉटस्पॉट, म्हणजे चिपची सर्वांत गरम जागा, ८२. मी पहिला आकडा फारसा बघत नाही, दोघांतला फरक बघतो. तो १२-१५ अंश असेल तर निवांत राहावं, २५-३० कडे सरकला तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. बसवल्यावर जेवढा फरक होता, तेवढाच आजही आहे. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये स्लॉटचा वेग कधीकधी १.१ दिसतो, त्याने घाबरू नका. रिकाम्या वेळी कार्ड वीज वाचवायला लिंक मंद करतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी रेंडर टेस्ट चालवली की खरा वेग दिसतो.

थोडं अंडरव्होल्ट केलंय, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी केलंय. फ्रेममध्ये डोळ्यांना कळेल असा फरक नाही, वीज पन्नासेक वॉट कमी, फॅन शांत. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची, हौस मात्र फिटली.

न आवडलेलं: कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डावरच्या कॉइलचा आवाज. गेमच्या मेनूत, जिथे काहीच हलत नाही, तिथे कार्ड शेकडो फ्रेम काढत बसतं आणि बारीक किर्र ऐकू येतं. फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधली की बरंच कमी होतं, जात नाही. वॉरंटीत यासाठी बदलून देत नाहीत, विचारून झालंय. दुसरं म्हणजे लांबी. कॅबिनेटमधला पुढचा हार्डडिस्कचा पिंजरा काढावा लागला. आणि कमी तापमानाला फॅन पूर्ण थांबण्याची जी सोय आहे, तिच्यामुळे ५० अंशांच्या आसपास ते सारखे सुरू-बंद होत राहतात. मी ती बंद करून फॅन कायम ३० टक्क्यांवर ठेवलेत.

गुण द्यायचेच तर कार्डाला पाचपैकी चार, एसएमपीएसला पाच, आणि वॉरंटी विभागाला दोन. त्यातला एक व्हिडिओ बघितल्याबद्दल.