विवस्त्र किनाऱ्याचा ‘परवाना’ आणि आमचे सहाशे युरो

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोरी शहराजवळ, युतेरी नावाची सुमारे सहा किलोमीटर लांबीची वाळूची चौपाटी आहे आणि तिच्या एका भागात विवस्त्र वावरायला व पोहायला अधिकृत मुभा आहे. (पोरी हे नाव मराठी कानाला गमतीचे वाटते, हे मान्य.) २०२४ च्या जुलैमध्ये या चौपाटीलगतच्या एका ‘नॅचरिस्ट’, म्हणजे विवस्त्र वावरणे पसंत करणाऱ्यांच्या, निवासासाठी मी सहाशे युरो भरले. ते निवासस्थान मुळात अस्तित्वातच नव्हते. हा प्रकार मी वर्षाहून अधिक काळ ओळखीच्या कोणालाही सांगितला नाही, आणि हे मौन फसवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले होते, हे लक्षात आल्यावर लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघे नोकरीनिमित्त काही वर्षांपासून राजधानी हेलसिंकीलगतच्या एस्पो येथे राहतो. हेलसिंकीजवळचे असे दोन विवस्त्र किनारे आम्हाला ठाऊक होते. सेउरासारी बेटावर स्त्रिया आणि पुरुष यांचे विभाग वेगळे असल्याने पती-पत्नींना एकत्र बसता येत नाही; पिह्लायासारी बेटावर मात्र तशी अडचण नाही, उन्हाळ्यात फेरीबोटीचे तिकीट काढले की झाले. तिथला पहिला दिवस आम्हाला इतका मानवला की पुढच्या वेळी कुठेतरी दोन-तीन रात्री मुक्कामच करावा असे ठरले. या देशात समुद्रस्नानाचे दिवस मोजकेच असतात; जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जे काही ऊन मिळेल तेच आपले, त्यामुळे जुलै उजाडेपर्यंत बरीचशी मोक्की, म्हणजे उन्हाळी घरे, ठरून गेलेली असतात. घाई झालेल्या माणसाला नेमके हवे ते समोर दिसले की तो फार प्रश्न विचारत नाही.

संकेतस्थळ देखणे होते. भूर्जवृक्षांमधील लाकडी घर, स्वतंत्र सौना (उष्ण वाफेच्या स्नानाची खोली), ‘खाजगी विवस्त्र किनारा’, आणि रोज १४० युरो भाडे. तीन रात्रींचे ४२० युरो झाले. त्यावर १०० युरो अनामत मागितली, तीही रास्त वाटली. मग आले ‘विवस्त्र किनारा परवाना शुल्क’, माणशी ४० युरो. सरकारी नियमानुसार परदेशी नागरिकांना हा परवाना सक्तीचा आहे, असे त्यांनी लिहिले होते. असा कोणताही परवाना फिनलंडमध्ये नाही. पिह्लायासारीला आमच्याकडे कोणीही कसलाही कागद मागितला नव्हता, हा अनुभव गाठीशी असूनही मी ऐंशी युरो भरले, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

परवान्यासोबत एक आंतरराष्ट्रीय ओळखपत्रही मिळेल, असे आमिष होते. नॅचरिस्ट संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ खरोखरच आहे. तो १९५३ साली फ्रान्समधील मोंतालिव्हे येथे स्थापन झाला. पण त्याचे ओळखपत्र आपापल्या देशातील संघटनेचा सभासद झाल्यावर मिळते, कोण्या घरमालकाकडून भाड्याच्या पावतीबरोबर नव्हे. खऱ्या गोष्टीचे नाव पुढे केल्यामुळे खोट्या गोष्टीला वजन आले, एवढेच.

ओळख पटवण्यासाठी पारपत्राची प्रत मागितली, ती मी पाठवली. त्यानंतर दोघांचे विवस्त्र छायाचित्र मागितले. ‘चुकीच्या हेतूने येणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी’ असे कारण दिले होते. पत्नीने पत्र वाचले आणि म्हणाली, “अहो, आपण घर भाड्याने घेतोय की स्थळ दाखवतोय?” छायाचित्र पाठवले नाही, यापुरते आमचे नशीब चांगले. पण त्याच क्षणी पैसेही थांबवायला हवे होते.

ठरलेल्या दिवशी टाम्पेरेला गाडी बदलून पोरी आणि तिथून बसने आम्ही युतेरीला पोहोचलो. दिलेल्या पत्त्यावर पाइन वृक्षांच्या सावलीत एक जुने पिवळे घर होते. अंगणात एक वयस्कर गृहस्थ भूर्जाची लाकडे फोडत होते. मी भ्रमणध्वनीवर आरक्षणाची पावती दाखवली. त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, पावतीकडे दुर्लक्ष केले आणि किनाऱ्याचे छायाचित्र दोन बोटांनी मोठे करून बराच वेळ न्याहाळले. त्यात ओल्या वाळूचा अफाट सपाट पट्टा होता आणि गुडघाभर उंचीपर्यंत शेवाळ चढलेल्या लाकडी खुंटांची रांग. “हा आमचा समुद्र नाही,” ते तुटक इंग्रजीत म्हणाले. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, जेमतेम काही सेंटिमीटर. इतकी वाळू ओहोटीने उघडी पडते ती दुसऱ्या समुद्रांच्या काठी. मी ते छायाचित्र आठवडाभर रोज पाहत होतो.

त्या रात्री पर्यटकांच्या साध्या तळावरच्या झोपडीवजा खोलीत बसून मी सारी कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा बाकीच्या खुणाही एकेक करून दिसू लागल्या. फिनलंडमधील प्रत्येक उद्योगाला नोंदणी क्रमांक असतो: सात अंक, आडवी रेघ आणि शेवटी एक अंक. तो सरकारी नोंदवहीत कोणालाही विनामूल्य तपासता येतो. आमच्या पावतीवर रेघेआधी आठ अंक होते. युतेरीच्या परिसरातील टपाल क्रमांक २८ ने सुरू होतात. पावतीवरचा क्रमांक ०० ने, म्हणजे हेलसिंकीचा, होता. बँक खात्याचा क्रमांक फिनलंडच्या ‘एफ आय’ या अक्षरांनी नव्हे, तर लिथुआनियाच्या ‘एल टी’ने सुरू होत होता. केवळ तेवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, पण पोरीतल्या घराचे भाडे लिथुआनियातील खात्यात का जावे, एवढे तरी मी विचारायला हवे होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना खातेधारकाचे नाव आणि क्रमांक जुळतात की नाही हे पैसे पाठवण्याआधीच दाखवावे लागते. आमच्या वेळी ती सोय नव्हती. शिवाय मी थेट हस्तांतरण केले होते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे दाद मागता आली असती.

दोन दिवसांनी त्या फसवणाऱ्यांचेच पत्र आले. आणखी ३०० युरो पाठवा, अन्यथा तुमच्या आवडीची माहिती पारपत्रासह तुमच्या कचेरीत पोहोचेल, अशी धमकी होती. त्या पत्राला आम्ही उत्तर दिले नाही. पोलिसांच्या ऑनलाइन तक्रार अर्जात ते जसेच्या तसे जोडले, बँकेला कळवले आणि पारपत्राचा गैरवापर होऊन माझ्या नावावर कर्ज निघू नये म्हणून, एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी पतनोंदवहीत स्वतःहून कर्जबंदी लावून घेतली. ती विनामूल्य लागते आणि हवी तेव्हा काढता येते. पैसे परत आले नाहीत. धमकीही पुढे सरकली नाही.

आता त्या मौनाविषयी. माझ्या कचेरीत सौना आहे, आणि वर्षातून दोनदा आम्ही सहकारी, पुरुष पुरुषांच्या वेळेत, तिथे विवस्त्र बसून कामाच्याच गप्पा मारतो. त्यांच्यापैकी एकालाही ते संकेतस्थळ दाखवायला माझी जीभ रेटली नाही, कारण सौना ही तिथली रीत आणि असा किनारा शोधणे ही माझी आवड, असा भेद मीच मनाशी करून बसलो होतो. अखेर गेल्या महिन्यात एका फिनिश सहकाऱ्याला सारे सांगितले. विवस्त्रतेच्या भागावर त्याची भुवईदेखील हलली नाही. परवान्याचे ऐकल्यावर मात्र तो खुर्चीत सरळ बसला आणि त्याने विचारले, “पण परवाना कशाचा? पोहण्याचा?”

युतेरीच्या किनाऱ्यावर मात्र घर न मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलोच. फलकापाशी वाळूचे उंचवटे ओलांडले की खरा विवस्त्र विभाग लागतो. प्रवेशशुल्क नाही, दार नाही, कोणी विचारत नाही. वारा बोचरा होता, पाणी त्याहून थंड, आणि पत्नी माझ्याआधी आत शिरली होती.