गैरप्रकार दिसला: आधी कंपनीत सांगायचं की थेट बाहेर?

तपासणी न करताच सही मारलेली, अपघाताची नोंद दाबलेली, ग्राहकापासून दोष लपवलेला. असं काही कामावर नजरेला पडलं की दोन वाटा असतात: कंपनीतच तक्रार करायची किंवा सरकारी नियामकाकडे जायचं. गप्प बसणं ही तिसरी वाट मी मोजत नाही.

आत सांगण्याच्या बाजूने बरंच बोलता येतं. कंपनीची गोपनीय माहिती जपणं कर्मचाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि चूक सुधारायची पहिली संधी मालकाला मिळायला हवी. अनेकदा वरच्यांना खरोखरच पत्ता नसतो; कळलं की काम लगेच थांबतं. पण हे सगळं ऐकणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून. अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइजोली या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच लेखी बजावलं होतं की रॉकेटच्या सांध्यातलं रबरी सील निकामी झालं तर माणसं मरतील. उड्डाणाच्या आदल्या रात्रीही त्याने विरोध केला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं आणि त्यातले सातही जण गेले. त्याने आपलं कर्तव्य पुरेपूर बजावलं होतं. वरच्यांनी त्यांचं बजावलं नाही.

नियामक कागद मागवू शकतो, जागेवर येऊन तपासणी करू शकतो. मात्र वेळ लागतो, आणि नाव फुटलं तर बदली, बढती अडवणं, शेवटी नोकरीवर गदा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार सांगतो की कायदा मोडल्याबद्दल मालकाविरुद्ध तक्रार केली, हे कामावरून काढायचं वैध कारण होऊ शकत नाही. पण तो मान्य करणाऱ्या देशांनाच लागू. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश जास्त ठोस आहे: अंतर्गत तक्रारीची पोच ७ दिवसांत, त्यावर काय केलं ते साधारण ३ महिन्यांत कळवायचं, शिवाय थेट बाहेर जाण्याचीही मुभा. म्हणून आधी आपल्याकडचा कायदा वाचा.

माझं मत स्पष्ट आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, पुरावा नष्ट होण्याची भीती असेल किंवा तक्रार ज्याच्या टेबलावर जाणार तोच गुंतलेला असेल, तर थेट बाहेर. एरवी आधी आत, पण तोंडी नको. तारीख, वेळ, स्वतः पाहिलं तेवढंच, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते मेलमध्ये लिहा. ऐकीव गोष्टी वेगळ्या काढा. तक्रारीशी संबंध नसलेली कागदपत्रं उचलू नका. त्यावरूनच उलट कारवाई होते.