सत्तावन्न पिल्लांत एक तलंग नाही

घरामागच्या मोकळ्या जागेत मांसासाठी कोंबड्या पाळायचं ठरलं, तेव्हा आमच्यात वाद होता तो फक्त जातीचा. ब्रॉयलर मला नको होता. सहा आठवड्यांत दोन-अडीच किलो भरतो हे खरं, पण खाद्य जरा सैल सोडलं की पायांनी अधू होतो, उकाड्यात धापा टाकतो आणि मोकळं सोडलं तरी भांड्यापाशीच बसून राहतो. अस्सल गावठी घ्यावी तर चार-पाच महिने दाणे टाका, तेव्हा कुठे किलो-सव्वा किलो. मला मधलं काहीतरी हवं होतं. आणि असं मधलं असतं, ही थाप नाही. सावकाश वाढणारे रंगीत संकर दहा-बारा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातात. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून 'लाबेल रूज' नावाची सरकारमान्य मोहर आहे. ती मिळवायची तर कोंबडी किमान ८१ दिवस वाढवावी लागते. हे सगळं वाचून मी आधीच पाघळलेली होते. विकणाऱ्याला फारसं बोलावंही लागलं नाही.

त्याची जाहिरात म्हणजे एक व्हिडिओ. तांबूस, भरल्या छातीचे कोंबडे, मागे एक निळा पिंप, आणि मोबाइल धरलेला माणूस सांगतोय: दहा आठवड्यांत अडीच किलो, नर-मादी मिसळ, माद्या ठेवल्या तर पुढची पिल्लं घरच्या घरी, कायमची. या शेवटच्या वाक्याला मी भुलले, आणि खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. झपाट्याने अंगाला लागणारी कोंबडी बहुतेक वेळा संकराची असते. तिची अंडी उबवली की पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. एक जाड, एक किडकिडीत, रंगही भलताच. 'अडीच किलोची संकरित' आणि 'कायमचं घरचं बियाणं' ही दोन्ही वचनं एकाच तोंडून आली, तर त्यातलं एक तरी खोटं असतं.

दर ब्रॉयलरच्या पिल्लाच्या अडीचपट. सगळे पैसे आगाऊ. बिल मागितलं तर "ताई, विश्वासावर चालतं आपलं."

साठ पिल्लं आली. सगळी फिक्की पिवळी, दोन-चारांच्या पाठीवर तपकिरी झाक. व्हिडिओतले कोंबडे तांबडे आणि ही पिवळी कशी, म्हणून फोन केला. "पहिली पिसं झडू द्या ताई, मग रंग धरतील." पटलं मला. न पटण्याइतकं ज्ञान कुठे होतं!

बाकी मी काही कमी केलं नव्हतं. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या पेटीत, पहिला आठवडा ३३ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली भुसा, दर दोन दिवसांनी हलवलेला. मानमोडीची लस वेळेवर. तीन पिल्लं पहिल्या चार दिवसांत गेली, ती जायचीच. सातव्या दिवशी हौसेने दहा पिल्लं तोलली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलचं पातेलं, त्यात एकेक पिल्लू, आणि ते उडी मारायच्या आत आकडा वाचायचा. आली तेव्हा सरासरी ३८ ग्रॅम होती, आता ६६. मी वहीत लिहून वही मिटली. ब्रॉयलरचं पिल्लू सात दिवसांत चौपट होतं आणि सावकाश वाढणारी मांसाची जात घेतली तरी तिने दुपटीच्या बरंच पुढे जायला हवं, हे तेव्हा माहीत असतं तर पुढचे अकरा आठवडे वाचले असते.

पाचव्या आठवड्यात शेजारचे काका आले. जन्मभर कोंबड्या पाळलेला माणूस. एक पिल्लू उचललं, उलटं केलं आणि माझा अंगठा धरून त्याच्या छातीच्या हाडावर ठेवला. हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं. मांसाच्या जातीत या हाडाच्या दोन्ही बाजूंना गादी भरत जाते. इथे कातडीखाली थेट हाड. मग त्यांनी विचारलं, "यात तलंगा किती?"

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी मादी. मोजल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघं खुराड्यात उकिडवे बसलो. मधे फळी टाकली. एकेक पिल्लू धरायचं, तुरा बघायचा, नर असला तर फळीच्या पलीकडे. पाचव्या आठवड्यात नराचा तुरा लाल आणि मोठा व्हायला लागतो, तलंगेचा फिकट आणि इवलासा असतो. पलीकडे, पलीकडे, पलीकडे. विसाव्या पिल्लापर्यंत काका हसत होते. चाळिसाव्यानंतर गप्प झाले. सत्तावन्नच्या सत्तावन्न फळीपलीकडे गेली आणि आमच्या बाजूला नुसता भुसा उरला. नर-मादी मिसळ म्हणजे निम्म्याच्या आसपास माद्या. सत्तावन्नात एकही नाही, हा योगायोग नसतो. कुणीतरी आधीच निवडून माद्या काढून घेतलेल्या असतात.

कोणी आणि कशासाठी, ते काकांनी समजावलं. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या, संकरात बाप तांबड्या जातीचा आणि आई पांढऱ्या पिसांची घेतात. आईच्या बाजूचा पांढरा गुण फक्त मुलग्यांकडे जातो, म्हणून अंड्यातून बाहेर येतानाच नर पिवळे आणि माद्या तांबूस निघतात. बघितलं की वेगळे. पूर्वी पहिल्या दिवशी नर-मादी ओळखणं जमत नव्हतं. जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात पिल्लाची गुदा तपासून नर-मादी ओळखायची रीत बसवली, आणि ती जगभर गेली. पण वेगळे काढलेल्या नरांचं करायचं काय? अंडी देत नाहीत, मांस धरत नाहीत. बहुतेक ठिकाणी त्यांना पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, इतकी ही संख्या मोठी आहे. म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीच्या लेखी ज्याची किंमत जवळपास शून्य, ते पिल्लू मी ब्रॉयलरच्या अडीचपट मोजून आणलं होतं. पिवळा रंग हाच पुरावा होता आणि तो पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होता.

फोन केला. विकणारा जराही डगमगला नाही. तुमचं ब्रूडर थंड पडलं असेल. खाद्यात प्रथिनं कमी असतील. जंत झाले असतील. या धंद्यातली मेख हीच आहे: पिल्लू हातात पडलं की पुढचं सगळं पाळणाऱ्यावर ढकलता येतं. आणि आपणही मनातून तयारच असतो, आपलंच काही चुकलं असेल म्हणून.

काकांनी त्यावर तोड काढली. आठ ब्रॉयलर पिल्लं आणून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली, माझ्याच पोत्यातलं खाद्य, माझंच पाणी, माझेच हात. सहा आठवड्यांत सरासरी दोन किलो शंभर ग्रॅम. माझे कोंबडे आठव्या आठवड्यात ६९० ग्रॅमवर होते. हे सांगितल्यावर उत्तर आलं, "ती इंजेक्शनची असतात ताई, त्यांच्याशी बरोबरी नको."

हे इंजेक्शन प्रकरण एवढं पसरलंय की दोन ओळी लिहितेच. ब्रॉयलर वाढतो तो निवडीने, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भरदार पक्ष्यांचीच पिल्लं घेत गेल्याने. अमेरिकेत १९४८ मध्ये 'उद्याची कोंबडी' नावाच्या देशव्यापी स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तीत लाल कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या दोन जातींचा संकर जिंकला, आणि रुंद छातीच्या पक्ष्यांची निवड तिथून जोरात सुरू झाली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या ब्रॉयलर जाती एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून बघितल्या: ५६ दिवसांत ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम, ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक रक्तात. माझे कोंबडे त्याच वयात १९५७ च्या जातीलाही पोचले नव्हते. हा आकडा मी त्याला पाठवला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला.

तक्रार करायला गेले तर पहिला प्रश्न, कुठली जात ठरली होती, कागद आहे का? माझ्याकडे पैसे पाठवल्याची नोंद होती आणि त्यात मीच लिहिलेले दोन शब्द: 'पिल्लांचे पैसे'. पिल्लं तर मिळाली होती. व्हिडिओ दाखवला, तर त्यात तारीख नाही, नाव नाही. निळा पिंप आणि कुणाचे तरी कोंबडे.

बारा आठवडे झाल्यावर हिशोब मिटवला. तोवर ते एकमेकांची पिसं उपटायला लागले होते आणि पहाटे चारपासून आरवणं सुरू व्हायचं. पंचावन्न गळे एकदम. उरलेल्या पंचावन्नांचं जिवंत वजन ६६ किलो, पोटात गेलेलं खाद्य २५० किलो. किलोला पावणेचार किलो खाद्य. ब्रॉयलरला पावणेदोन किलोच्या आसपास लागतं. साफ केल्यावर हाती ४३ किलो मांस आलं, तेही लांब हाडांवर चिकटलेलं. चव चांगली होती, हे कबूल करते. राग तेव्हाही गेला नाही.

आता मी पिल्लं बघायच्या आधी आईबाप बघायला मागते, जिवंत, माझ्या हातात. छाती चाचपते, नडगीची जाडी बघते. 'नर-मादी मिसळ' म्हणणाऱ्याला विचारते की पहिल्या दिवशी दोघांचे रंग कसे असतात. पिवळे नर आणि तांबूस माद्या सांगितल्या, की तो लेअर आहे. संकर असेल तर तसं मोकळेपणाने सांगणारा मला जास्त खरा वाटतो. आणि साठ नाही, आधी बारा घेते. सातव्या दिवशी पातेलं काट्यावर चढतंच. मोठी झाल्यावर आम्हीच परत विकत घेऊ, असं कुणी म्हणालं तर मी फोन ठेवते; तो किस्सा काकांच्या भाच्याचा आहे, त्याचा तो लिहील.

गेल्या महिन्यात बारा आणली. रंग सगळे वेगवेगळे, नडग्या जाड, आणि आणायच्या दिवशी त्यांच्या आईने माझ्या मनगटाला कडकडून चोच मारली. सात दिवसांत ४१ वरून ११८ ग्रॅम. परवा तिसऱ्या आठवड्याचं वजन आहे. कमी भरलं, तर जात आणि विकणाऱ्याचं नाव दोन्ही बिलावर आहे. बिल खुराड्याच्या दाराला आतून चिकटवलंय.